‘अष्टपैलू’ व्हायोलिनवादक आणि खानदेशचे ऊन

महोदय,

आपल्या पुरवण्यांत तरुण व्हायोलिनवादकांचे कौतुक हमखास ‘अष्टपैलू’ या शब्दावर येऊन थांबते. एकलवादन, गाण्याची साथ, ऑर्केस्ट्रा, मुंबईत रेकॉर्डिंग, सगळे एकाच हाताने! पण दर वेळी वाद्यात काय बदलावे लागते, याची ना पालकांना कल्पना असते ना आयोजकांना.

पाश्चात्त्य पद्धतीत चार तारा जाडीकडून जी-डी-ए-ई अशा लागतात. हिंदुस्थानी वादक त्याच तारा सा-प-सा-प किंवा प-सा-प-सा लावतो. स्टुडिओत वाद्य हनुवटीखाली धरून समोरचे नोटेशन पहिल्याच नजरेत वाचावे लागते. मैफलीत मांडी घालून वाद्याचे टोक उजव्या घोट्यावर टेकवायचे, म्हणजे डावा हात मींडेसाठी (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्यासाठी) मोकळा राहतो. एकाच व्हायोलिनवर हे आलटून पालटून केले की ताण बदललेली तार कितीतरी वेळ सुरावरून सरकत राहते. तार चढवताना घोडीचे (तारा तोलून धरणाऱ्या उभ्या लाकडी पट्टीचे) डोके फिंगरबोर्डकडे झुकते. ते वेळीच मागे सरळ केले नाही तर घोडी वाकते, नाहीतर धाडकन पडते आणि आतला साउंडपोस्टही (दोन फळ्यांमधला लाकडी दांडा) पाडते. म्हणून एक महागडे वाद्य घेण्यापेक्षा मध्यम किमतीची दोन घ्यावीत.

साथीचे गणित वेगळेच. गायिकेची पट्टी काळी चार (हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीवरचा सा) असेल तर सा-प-सा-प लावावे. पाठोपाठ काळी एकचा गायक बसला तर प-सा-प-सा. यात जाडीकडून पहिली आणि तिसरी तार जागेवरच राहते, दुसरी आणि चौथी फक्त एक पूर्ण स्वर उतरवायची. हे ठाऊक नसलेला मुलगा चारही तारा पिळत बसतो आणि आलापाच्या ऐन मध्यावर बेसूर होतो. पट्टी आदल्या दिवशी कळवायला आयोजकांना एक फोन पुरतो, तोही होत नाही.

आता आपले ऊन. व्हायोलिनला साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिशीकडे गेला की दुपारी तेवढी कुठली? तारा पिळायच्या खुंट्या आक्रसून सुटतात, पावसाळ्यात त्याच फुगून अडकतात. बंद गाडीत ठेवलेल्या वाद्याचा सरस मऊ पडून कडेचा सांधा उकलतो. तो फेव्हिकॉलने कधीही चिकटवू नये, पुढच्या दुरुस्तीला लाकूडच फाटते. वाजवून झाले की गजाचा स्क्रू सैल करावा. कोरड्या हवेत गजाचे केस आखडतात आणि ताणलेली काडी वाकते. जळगावचा बालगंधर्व संगीत महोत्सव जानेवारीत असतो हे वाद्यांचे नशीब. लग्नसराईतल्या मांडवाला ती सवलत नाही.

परीक्षांविषयी थोडेसे. गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद झाली म्हणजे वादक तयार झाला, असे नाही. व्हायोलिनवादक डॉ. एन. राजम कर्नाटक (दाक्षिणात्य) पद्धतीत तयार झालेल्या होत्या, तरी हिंदुस्थानी गायक पं. ओंकारनाथ ठाकूरांकडे गायकी शिकल्या. गजाननराव जोशी तर गायक आणि व्हायोलिनवादक दोन्ही. आधी एक पद्धत मुरवावी, मग दुसरीला हात घालावा. पैशांची अडचण असेल तर केंद्र सरकारच्या १८ ते २५ वयोगटासाठीच्या शिष्यवृत्तीत दोन वर्षे दरमहा ५ हजार रुपये मिळतात. आपल्याकडची मुले त्यासाठी अर्जच करत नाहीत.

आयोजकांना विनंती : वादकाला सभागृहातच, पंखे किंवा एसी जसे कार्यक्रमात असतील तसेच चालू ठेवून, वीस-पंचवीस मिनिटे तारा लावू द्या. माइक वाद्यापासून फूटभर अंतरावर, वरच्या फळीवरच्या छिद्रांकडे रोखलेला असावा. आणि ध्वनिव्यवस्थेवाल्याला एको बंद ठेवायला सांगा, त्यात मींड पार विरघळून जाते.

आपले,
काही व्हायोलिन शिक्षक व वादक
जळगाव-धुळे