वहिनींच्या पायावरचे कलम

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय मधुकर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. वहिनींच्या पायावर बसवलेल्या त्वचेचा निम्मा भाग काळा पडून निघाला हे वाचून जीव हळहळला. आणि त्याच जखमेसाठी एका ठिकाणी तुला स्टेम सेलच्या, म्हणजे मूळपेशींच्या, ‘एक्झोसोम’ची इंजेक्शने सुचवून दीड लाख रुपये सांगितले, याचा संतापही आला. पैसे भरण्याआधी मला विचारलेस हे फार बरे केलेस.

दिंडोरीच्या मळ्यात तू डॉगरीजच्या खुंटावर द्राक्षाची काडी भरतोस, तेव्हा दोन्हींच्या सालीखालचा थर एकमेकांना भिडवून वरून पट्टी घट्ट बांधतोस. तो थर जुळला नाही, तर काडी अंगातल्या ओलाव्यावर काही दिवस हिरवी दिसते आणि मग वाळते. त्वचेचेही असेच आहे. मांडीवरून काढलेला पातळ पापुद्रा पहिले २४ ते ४८ तास केवळ जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर तग धरतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच्यातील व तळातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांची तोंडे जुळू लागतात आणि पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत नव्या वाहिन्या आत शिरून रक्त खेळू लागते. मध्ये रक्त साचले, पू झाला किंवा पापुद्रा सरकला, तर ही जुळणी मोडते. मधुमेहात तर नवी वाहिनी फुटण्याची क्रियाच मंदावलेली असते.

आता एक्झोसोमविषयी. पेशी बाहेर सोडते त्या या अतिसूक्ष्म पिशव्या, साधारण ३० ते १५० नॅनोमीटर आकाराच्या. १९८३ मध्ये अपरिपक्व तांबड्या पेशींत त्या प्रथम दिसल्या, तेव्हा पेशीने बाहेर टाकलेला केरकचरा असाच त्यांचा अर्थ लावला गेला. पुढे २००७ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले की त्यांतून एका पेशीचे आरएनए, म्हणजे तिचे संदेश वाहणारे रेणू, दुसऱ्या पेशीत पोहोचते आणि तिथे कामही करते. दुसरीकडे, शरीरात सोडलेल्या स्टेम सेलपैकी बहुतेक थोड्याच दिवसांत नाहीशा होतात, तरी गुण मात्र दिसतो, हे कोडे होतेच. त्याचे एक उत्तर या पिशव्यांत सापडले. त्यांतील ‘मायआर-१२६’ नावाचा आरएनएचा तुकडा रक्तवाहिनीच्या अस्तरातील पेशींत वाढीच्या संदेशाला अडवणाऱ्या प्रथिनांची निर्मिती रोखतो. अडसर निघाला की वाहिनीला फूट येते. कमी प्राणवायूत वाढवलेल्या स्टेम सेलचे एक्झोसोम अनेक प्रयोगांत अधिक प्रभावी ठरले आहेत, आणि मला हे फार सुंदर वाटते: गुदमरलेली पेशी शेजारणीला वाट काढायला सांगते.

खरी गरज जाड रोपणांना आहे. केशवाहिनीपासून १०० ते २०० मायक्रोमीटरच्या पलीकडच्या पेशीला प्राणवायू पुरत नाही; त्यामुळे चरबीचे रोपण किंवा प्रयोगशाळेत घडवलेली ऊती आतून मरू लागते. तिथे जेलमध्ये धरून ठेवलेले एक्झोसोम उद्या मोठा आधार ठरतील, असा मला मनापासून विश्वास आहे.

पण त्या इंजेक्शनांना माझा स्पष्ट नकार आहे, मधुकर. प्राण्यांवरचे निष्कर्ष उत्साहवर्धक असले तरी कोणत्या पेशींचे एक्झोसोम, किती मात्रेत आणि कितीदा, हे अजून ठरलेले नाही. नुसते टोचले तर त्यांतील बरेचसे जागेवर न थांबता यकृत-प्लीहेत जातात. शिवाय वाहिन्या वाढवणारा संदेश गाठीलाही उपयोगी पडतो. कर्करोगाची गाठ नव्या रक्तवाहिन्यांवर पोसली जाते, हे अमेरिकी शल्यविशारद जुडा फोकमन यांनी १९७१ मध्येच मांडले होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये अशा उत्पादनांविरुद्ध लोकांना सावध केले होते. रीतसर नोंदणी झालेल्या, नीतिसमितीची मान्यता असलेल्या चाचणीत कुणी घेतले, तर मी स्वतः वहिनींबरोबर येईन. मात्र अशा चाचणीत औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत.

आधी पायाच्या मोठ्या धमन्यांत रक्त पोहोचते का, हे डॉपलरने, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने, पाहायला हवे. मुख्य पाटालाच पाणी नसेल, तर चाऱ्या काढून काय उपयोग? धमनी तुंबलेली असेल तर ती आधी मोकळी करू, साखर आटोक्यात आणू, जखमेचा तळ लालसर आणि स्वच्छ झाला की पुन्हा त्वचा बसवू. आधी बसवलेल्या त्वचेचा उरलेला निम्मा भाग अजून जिवंत आहे, तिथे रक्त पोहोचले आहे; म्हणून मला आशा आहे.

मंगळवारी सकाळी वहिनींना घेऊन ये. तीन महिन्यांची साखर सांगणारा अहवाल आणि पहिल्या शस्त्रक्रियेचे कागद बरोबर आण, आणि गाडीत त्यांचा पाय खाली लोंबकळू देऊ नकोस.

तुझा,
वसंत