जुन्या व्हॉल्व्ह रेडिओचं सामान: यादी रविवारपर्यंत द्या

मंडळी, आपल्यातले दोघे सोमवारी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर सामान आणायला निघतील. रविवारी सकाळी १० वाजता आर्वीच्या एसटी स्टँडवर यादी अन् अर्धे पैसे घेऊन या. उधारी नाही.

व्हॉल्व्हचा (रेडिओतल्या काचेच्या नळीचा) नंबर काचेवरूनच वाचून लिहा. ईसीएल ८२ च्या फिलामेंटला (आतल्या तापणाऱ्या तारेला) ६.३ व्होल्ट लागतात, यूसीएल ८२ ला ५०. एक अक्षर चुकलं की पैसे पाण्यात! नंबर पुसला असेल तर व्हॉल्व्हच कापसात गुंडाळून आणा.

कंडेन्सर (वीज साठवणारा भाग): मायक्रोफॅरड (त्याची क्षमता) आणि व्होल्ट, दोन्ही लिहा. जुने कागदी कंडेन्सर सरसकट बदलाच; बहुतेक जागी ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर चालतात.

नॉब, डायलची काच मुंबईहून मागवू नका. आधी गावातल्या भंगारवाल्याकडे मर्फी, बुशचे मोडके सेट धुंडाळा.