नव्या गाडीचा विमा बंदरावर तुटतो

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा जवळ आला की अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांत एक बेत शिजू लागतो. नवी गाडी घ्यायचीच आहे, मग ती युरोपातल्या कारखान्याच्या दारातच ताब्यात घेऊ, पुण्या-नाशिकहून आईबाबांना तिकडेच बोलावू, दोन आठवडे आल्प्स हिंडू, गाडी बंदरावर सोडू आणि ती जहाजाने घरी येईल. बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीज यांनी अमेरिकी ग्राहकांसाठीची ही सोय २०२० च्या सुमारास बंद केली. पोर्शची श्टुटगार्टच्या झुफेनहाउझेनमधून आणि लायपझिगमधून, तर व्होल्वोची गोथेनबर्गमधून त्यानंतरही चालू राहिली. काही जण डीलरला बाजूला ठेवून स्वतःच गाडी घेतात आणि जहाजाचे बुकिंगही स्वतःच करतात.

बेत उत्तम आहे. पण विम्याचा विषय निघाला की "ते सगळं पॅकेजमध्ये आहे" एवढ्यावर बोलणे संपते. आम्ही मोटार आणि सागरी विम्याच्या दाव्यांचे काम करतो, म्हणून स्पष्ट सांगतो: या प्रवासात विमा एक नसतो, तीन असतात. युरोपातल्या रस्त्यावरचा वेगळा, समुद्रावरचा वेगळा, अमेरिकेतला वेगळा. प्रत्येक पॉलिसी आपापल्या जागी ठीक असते. दावा अडकतो तो एक संपून दुसरी सुरू होते त्या सांध्यावर.

आधी घरच्या पॉलिसीबद्दलचा गैरसमज. "माझं फुल कव्हर आहे" हे वाक्य अटलांटिकपलीकडे चालत नाही. अमेरिकेतल्या बहुतेक कंपन्या ज्या नमुना पॉलिसीवर आपले कागद बेततात, तिच्यात हद्द स्वच्छ लिहिलेली असते: अमेरिका आणि तिच्या अखत्यारीतले प्रदेश, पोर्तो रिको, कॅनडा. गाडी जहाजावर असतानाचे संरक्षणही याच प्रदेशांतल्या बंदरांदरम्यानचे. जर्मनीतल्या ब्रेमरहाफेन बंदरातून न्यू जर्सीला निघालेली गाडी त्यात बसत नाही. आणखी एक बारकावा आहे. नवी गाडी घेतल्यावर ती आपोआप जुन्या पॉलिसीत धरली जाण्याची मुदत साधारण १४ दिवसांची असते, आणि ती मोजतात मालक झाल्याच्या तारखेपासून. मालकी युरोपात मिळालेली, गाडी दीड-दोन महिन्यांनी दारात येणारी. तोवर ती मुदत कधीच उलटून गेलेली असते. म्हणून ताबा घेण्याआधीच अमेरिकेतल्या एजंटला गाडीचा चॅसी नंबर देऊन पॉलिसीवर नाव चढवायची तारीख लेखी ठरवून घ्यावी. गाडी कर्जावर असेल तर कर्जाच्या पहिल्या दिवसापासूनच विम्याचा पुरावा मागितला जाऊ शकतो. तेव्हा गाडी कुठे असेल आणि कोणत्या विम्याखाली असेल, हे बँकेला आधीच कळवलेले बरे.

भारतातल्या वाचकांसाठी याच संदर्भात दोन वाक्ये. आपल्या मोटार पॉलिसीची हद्द भारतापुरती असते. जादा हप्ता भरून ती वाढवता येते ती नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव, पाकिस्तान एवढ्याच देशांपर्यंत. आणि युरोपात फिरवलेली गाडी मुंबईत उतरवण्याचा विचार असेल तर आधी आयातीच्या अटी वाचाव्यात. परदेशात नोंदवून चालवलेली गाडी नवी म्हणून आणता येत नाही, आणि वापरलेल्या गाडीला उजव्या हाताचे स्टिअरिंग हवे, जे जर्मनीत विकल्या जाणाऱ्या गाड्यांना नसते.

आता युरोपातला रस्ता. जर्मनीत गाडी ताब्यात घेतली की तिला निर्यातीची नंबर प्लेट लागते. तिच्या उजव्या टोकाला एक उभी लाल पट्टी असते, आणि तिच्यावर वरून खाली तीन आकडे: दिवस, महिना, वर्ष. ही प्लेटची आणि विम्याची शेवटची तारीख. त्या रात्री बारानंतर गाडी रस्त्यावर असेल तर ती बिगरविम्याची गाडी ठरते, आणि जर्मनीत तो फौजदारी गुन्हा आहे. लोक नेमके त्याच दिवशी बंदर गाठायचे ठरवतात. मग टायर फुटतो, किंवा शनिवार-रविवार अधिक सुट्टी जोडून आल्याने गाडी घेणारे कार्यालय बंद निघते. पट्टीवरची तारीख आणि गाडी सोडण्याची तारीख यांत किमान चार दिवस मोकळे ठेवावेत. मुदत वाढवायची तर ती संपण्याआधी वाढवावी.

कागदावर तीन जर्मन शब्द दिसतील. हाफ्टफ्लिश्ट म्हणजे तिऱ्हाइताचे नुकसान. टाइलकास्को म्हणजे चोरी, आग, गारा, काच. फोलकास्को म्हणजे आपल्याच चुकीने आपल्या गाडीचे झालेले नुकसानही धरून. हाफ्टफ्लिश्टची काळजी नको; जर्मनीत जखमी माणसांसाठीची किमान मर्यादाच ७५ लाख युरो आहे, कॅलिफोर्नियात २०२५ पासून एका अपघाताची किमान मर्यादा ६० हजार डॉलर आहे. पाहायचे ते कास्कोकडे. फोलकास्को आहे की नाही, वजावट (दाव्यातला आपण स्वतः सोसायचा भाग) किती, आणि ती प्रत्येक घटनेला वेगळी लागते का. वजावट हजार युरोंची असेल तर पार्किंगमध्ये घासलेला बंपर आपल्याच खिशातून जातो.

सोबत आंतरराष्ट्रीय विमा कार्ड मिळते. ग्रीन कार्ड हे त्याचे जुने नाव. २०२० पासून ते पांढऱ्या कागदावरही छापले जाते. त्यावर देशांच्या खुणांच्या चौकटी असतात, आणि फुली मारलेल्या चौकटीच्या देशात विमा लागू नसतो. युरोपीय संघात नुसती नंबर प्लेट पुरते असे सांगितले जाते. नेहमीच्या प्लेटबाबत ते खरे आहे, पण तात्पुरत्या प्लेटना काही देश अपवाद मानतात. तेव्हा कार्डाचा छापील कागद गाडीतच ठेवावा.

आईबाबा गाडी चालवणार असतील तर त्यांची नावे आधी पॉलिसीत घालून घ्या. काही पॉलिसींत फक्त नोंदवलेले चालकच धरतात आणि वयाची अटही असते. भारतीय परवान्याबरोबर आरटीओने दिलेले आंतरराष्ट्रीय परमिट असावे, आणि मूळ परवाना विसरू नये. नुसत्या परमिटला किंमत नाही.

कास्कोचा दावा कापला जातो त्याची कारणे ठरलेली आहेत: दारू, हातातला फोन, तोडलेला लाल दिवा. मराठी घरांत न माहीत असलेले कारण म्हणजे टायर. बर्फ किंवा बर्फाळ चिखल असेल तर जर्मनीत हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि ऑक्टोबर २०२४ पासून ज्यावर डोंगर आणि हिमकणाचे चिन्ह आहे तेच टायर हिवाळी मानतात. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल हा काळच ठरवून दिलेला आहे. अमेरिकेसाठी बनलेली गाडी अनेकदा उन्हाळी टायरवर येते. नोव्हेंबरात त्याच टायरवर घाट चढताना गाडी घसरली, तर समोरच्याचे पैसे दिले जातील, आपल्या गाडीचे मात्र कापले जाऊ शकतात. न्युर्बुर्गरिंग या जर्मनीतल्या रेसट्रॅकवर एक फेरी मारायची हौस अनेकांना असते. त्याआधी पॉलिसीतले शर्यतीचे आणि रेसट्रॅकचे कलम वाचा. सार्वजनिक फेरीही त्यात वगळलेली असू शकते.

अपघात झालाच तर रस्त्यावर इशाऱ्याचा त्रिकोण लावा, फोटो घ्या, आणि युरोपभर चालणारा अपघात-नोंदीचा दुपानी फॉर्म भरा. त्यातल्या बाराव्या चौकटीत दोन्ही चालक आपापल्या खुणा करतात, खाली दोघांच्या सह्या होतात. सही झाल्यावर त्यात खाडाखोड चालत नाही. भाषा कळत नसेल तर सही करू नका. तोच फॉर्म इंग्रजीत डाउनलोड करून जवळ ठेवा, चौकटींचे क्रमांक सगळ्या भाषांत सारखेच असतात. चोरी किंवा जखमी माणूस असेल तर पोलिसांचा नोंद क्रमांक घेतल्याशिवाय जागा सोडू नये.

आणि आता तो सांधा, ज्यासाठी हे पत्र लिहिले. दोन आठवडे चाललेली गाडी सागरी विमा कंपनीच्या दृष्टीने नवी राहत नाही, ती वापरलेली होते. वापरलेल्या गाडीच्या सागरी पॉलिसीत ओरखडे, पोचे, रंग उडणे बहुधा वगळलेले असते. जहाजावर चढण्याआधीची अवस्था नोंदलेली असेल तरच ते धरतात. म्हणजे गाडी सोडताना भरला जाणारा तपासणीचा कागद हाच पुढच्या प्रत्येक दाव्याचा पाया.

तिथे घडते काय? गाडीवर हजार मैलांची धूळ आणि माश्यांचे डाग. विमान संध्याकाळचे. कर्मचारी गाडीभोवती एक फेरी मारतो, गाडीच्या आकृतीवर दोन खुणा करतो आणि शेरा लिहितो, "गाडी अस्वच्छ, तपासणी शक्य नाही." आपण सही करून टॅक्सीत बसतो. दोन महिन्यांनी उजव्या दारावर पोचा दिसतो. सागरी कंपनी म्हणते, तो आधीचा, शेरा पाहा. रस्त्यावरची कंपनी म्हणते, मुदतीत कळवले नाही, आणि गाडी सोडताना आमचे संरक्षण संपले. दोघींचेही कागद बरोबर असतात.

म्हणून गाडी सोडण्याआधी ती धुऊन, कोरडी करून न्या. दिवसाउजेडी न्या. चारही बाजू, छत, काच, चारही रिम, बंपरच्या खालच्या कडा आणि ओडोमीटर यांचे तारखेसह फोटो काढा. रिमवर फुटपाथ घासल्याची खूण असेल तर ती स्वतःहून दाखवा आणि नोंदवून घ्या. लपवलेली एक खूण बाकीच्या सगळ्या नोंदींवर शंका आणते. काचेला खडा लागला असेल तर रस्त्यावरच्या विमा कंपनीला गाडी सोडण्याआधी कळवून दावा क्रमांक घ्या. अमेरिकी मॉडेलचे दिवे, बंपर युरोपात सहज मिळत नाहीत, त्यामुळे दुरुस्ती अमेरिकेत करावी लागते. तशी लेखी परवानगी आधीच मागा. गाडीत सामान ठेवू नका. चॉकलेटे, भांडी, लहान मुलांची सीट, काहीच सागरी विम्यात धरलेले नसते. टाकी पाव किंवा त्याहून कमी भरलेली ठेवा. आणि विचारून घ्या: गाडी ताब्यात दिल्यापासून ती जहाजात चढेपर्यंत आवारात जे दिवस उभी राहील, त्या दिवसांचा विमा कोणाचा? उत्तर कागदावर हवे.

कारखान्याच्या योजनेतून गाडी घेतली तर सागरी विमा बहुधा कंपनीच करते. स्वतः बुकिंग करणाऱ्यांनी जास्त जपायला हवे. स्वस्तातला विमा अनेकदा फक्त पूर्ण नुकसानीचा असतो: जहाज बुडाले तर पैसे, आरसा तुटला तर काही नाही. मागायचे ते इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस 'ए', म्हणजे सागरी विम्यातले सर्वांत व्यापक संरक्षण, आणि विम्याची रक्कम गाडीची किंमत अधिक भाडे अधिक दहा टक्के. संरक्षण बंदरापर्यंत की घरच्या दारापर्यंत, तेही पाहा. न्यूअर्कच्या धक्क्यावर विमा संपला तर पुढचा ट्रकमधला प्रवास विम्याविनाच होतो.

"जहाज कंपनी भरून देईलच की," असे म्हणणाऱ्यांसाठी: अमेरिकेच्या १९३६ च्या सागरी मालवाहतूक कायद्यात जहाज कंपनीची जबाबदारी एका नगाला ५०० डॉलर आहे, जास्त किंमत बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीने मालाबद्दल दिलेल्या पावतीवर) जाहीर केली नसेल तर. एक गाडी म्हणजे बहुधा एक नग. शिवाय आग लागली, जहाज ओढून आणावे लागले, तर वाचलेल्या मालाच्या मालकांनाही बचावाचा खर्च वाटून द्यावा लागतो. याला जनरल ॲव्हरेज म्हणतात. विमा असेल तर हमी विमा कंपनी देते. नसेल तर रोख अनामत भरल्याशिवाय धड असलेली गाडीही सोडत नाहीत. ही भीती कागदी नाही. जर्मनीतल्या एम्डेनहून ऱ्होड आयलंडला निघालेल्या फेलिसिटी एस या जहाजावर फेब्रुवारी २०२२ मध्ये अझोर्सजवळ आग लागली आणि १ मार्चला ते सुमारे चार हजार गाड्यांसह बुडाले. जुलै २०२३ मध्ये ब्रेमरहाफेनहून निघालेले फ्रीमँटल हायवे हे जहाज नेदरलँड्सच्या किनाऱ्याजवळ पेटले. ते बुडाले नाही, ओढून बंदरात आणावे लागले.

गाडी अमेरिकेत पोचली की दुसरा सांधा. डीलरकडे असो वा बंदरावर, पावतीवर सही करण्याआधी युरोपातले फोटो हातात धरून गाडीभोवती फिरा. नवी खूण दिसली तर ती पावतीवरच लिहा आणि मग सही करा. सहज न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना जहाज कंपनीला तीन दिवसांत जावी लागते, आणि कोर्टात जायची मुदत डिलिव्हरीपासून एक वर्ष. सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत दुरुस्ती करू नका, पॉलिशसुद्धा नको. आणि घरच्या पॉलिसीवर गाडीचे नाव चढल्याचा कागद ईमेलमध्ये दिसल्याशिवाय किल्ली फिरवू नका.

आपले,
विमा दाव्यांच्या कामातले दोन वाचक,
न्यू जर्सी