टीव्हीवर चित्रच न देणारा लॅपटॉप आणि सेवा केंद्राची टोलवाटोलवी

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
लॅपटॉप विभाग

विषय : लॅपटॉप बदलून मिळणे अथवा पूर्ण रक्कम परत मिळणेबाबत

महोदय / महोदया,

सोबतच्या पावतीवरचा लॅपटॉप मी साताऱ्यातील तुमच्या अधिकृत दालनातून घेतला. मी दहावीच्या मुलांची भूमितीची शिकवणी घेते. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरात आकृती फिरवून ती भिंतीवरच्या टीव्हीवर दाखवता यावी, एवढ्यासाठी ही खरेदी होती आणि दुकानात ते आधीच सांगितले होते. या मॉडेलला टीव्हीची केबल लावायचा एचडीएमआय पोर्ट नाही, हे मीच विक्रेत्याला दाखवले. त्यावर "टाइप-सी आहे ना मॅडम, काही अडचण येणार नाही," म्हणत त्याने तुमच्याच कंपनीचा टाइप-सी ते एचडीएमआय अ‍ॅडॉप्टर त्याच बिलात घातला.

टीव्हीवर 'नो सिग्नल' येतो, तो आजतागायत.

हेल्पलाइनने टीव्हीचा सोर्स बदलायला लावला, विंडोज आणि पी दाबून 'डुप्लिकेट' निवडायला लावले, ग्राफिक्स ड्रायव्हर काढून पुन्हा टाकायला लावला. डिस्प्ले सेटिंगमध्ये 'डिटेक्ट' दाबले की दुसरा डिस्प्ले सापडत नाही, एवढेच उत्तर येते. दर वेळी फोनवर नवी व्यक्ती, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. शेवटी सेवा केंद्राने लॅपटॉप ठेवून घेऊन विंडोज नव्याने टाकले आणि जॉबशीटवर शेरा मारला : 'नो फॉल्ट फाउंड, कस्टमर टीव्ही इश्यू'.

टीव्हीत दोष नाही. त्याच एचडीएमआय पोर्टात, त्याच केबलने सेट-टॉप बॉक्स व्यवस्थित चालतो. तुमचा अ‍ॅडॉप्टर माझ्या भाचीच्या लॅपटॉपला लावला, तर चित्र तत्काळ आले. म्हणजे टीव्ही, केबल, अ‍ॅडॉप्टर तिन्ही ठीक. उरला तुमचा लॅपटॉप.

त्याच्या टाइप-सी पोर्टाशेजारी त्रिशूळासारखी यूएसबीची खूण आहे, चित्र बाहेर जाते हे सांगणारी डिस्प्लेपोर्टची नाही. खूण नसली म्हणून सोय नसतेच असे नाही, म्हणून तुमच्या संकेतस्थळावरचे सविस्तर तांत्रिक पत्रक उघडले. तिथे बारीक अक्षरात लिहिले आहे : 'डेटा ट्रान्सफर ओन्ली'. टाइप-सीमधून चित्र बाहेर पडायला लॅपटॉपच्या बोर्डावर 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड'ची जोडणी असावी लागते. ती उत्पादकाच्या मर्जीवर असते आणि या मॉडेलमध्ये तुम्ही ती दिलेली नाही. मग ड्रायव्हर टाका, विंडोज टाका, नाहीतर देव पाण्यात घाला, चित्र येणार कुठून? मॉडेल क्रमांक पाहून पहिल्याच फोनवर हे सांगता आले असते. विक्रीच्या माहितीपत्रकात मात्र नुसते 'टाइप-सी' छापले आहे.

आता सेवा केंद्र डिस्प्लेलिंक चिप असलेला डॉक, म्हणजे बाहेरून लावायची जोडपेटी, विकत घ्या म्हणते. तो चित्र साध्या यूएसबी डेटातून पाठवतो, त्यामुळे चालेल हे खरे. पण त्याला वेगळा ड्रायव्हर लागतो, प्रोसेसरवर भार पडतो, आणि मुख्य म्हणजे तुमच्या दालनाने दिलेल्या चुकीच्या माहितीची किंमत मी का भरावी?

माझी मागणी अशी : टीव्हीला थेट जोडता येईल असे, याच तोडीचे मॉडेल किमतीतील फरक न घेता बदलून द्यावे, नाहीतर अ‍ॅडॉप्टरसह पूर्ण रक्कम परत करावी. जॉबशीटवरचा शेराही दुरुस्त करून लेखी द्यावा.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 वर, तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

पावती, जॉबशीट, माहितीपत्रक आणि तांत्रिक पत्रकाच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. फोन करायचा झाल्यास संध्याकाळी सातनंतर करावा, आणि ज्यांना निर्णयाचा अधिकार आहे त्यांनीच करावा.

आपली,
एक ग्राहक,
सातारा