नावे ठेवणे म्हणजे तर्क नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला 'क्रिटिकल थिंकिंग'वरचा पानभर लेख वाचला. चौकटीतली १५ 'फॅलसीं'ची, म्हणजे तर्कदोषांच्या नावांची, यादी तर सकाळी ८ च्या आत आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडली. लेखकमहाशयांना विनंती, एकदा आमच्याकडे यावे आणि अशा याद्यांनी काय होते ते बघून जावे. फक्त बाथरूममध्ये छत्री न्यावी लागेल.

माझ्या बाथरूमचे छत दीड वर्ष गळते आहे. वरच्या मजल्यावर सकाळी ७ ला आंघोळी सुरू होतात आणि सव्वासातला माझ्याकडे थेंब पडू लागतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एवढेच सांगितले, तर वरच्यांचा मुलगा उठला. इंजिनिअरिंगला आहे, असलीच कुठलीशी कार्यशाळा करून आलेला. म्हणाला, "काका, कोरिलेशन म्हणजे कॉजेशन नव्हे." म्हणजे दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. वाक्य बिनचूक. कावळा बसायला आणि फांदी तुटायला हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण हे वाक्य म्हटल्यावर खरे कारण शोधायला लागायचे असते. तो खाली बसला. वर टाळ्या पडल्या.

मग शोध मीच घेतला. अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. (होय, कला शाखेला बोर्डाचा हा विषय आहे. आपले लेखक 'आपल्याकडे तर्क कुठेच शिकवत नाहीत' असे बिनदिक्कत लिहून मोकळे झालेत.) थेंब मे महिन्यातही पडत होता, म्हणजे पाऊस बाद. वरच्या आजींना गाठले. त्यांनी घरात कोणाला न सांगता नहाणीच्या जाळीत नीळ ओतली. दिवसभर खाली बादली मांडून बसलो, पाणी स्वच्छ. दुसऱ्या दिवशी नीळ बेसिनमध्ये. वीस मिनिटांत माझ्या पांढऱ्या बादलीत निळा थेंब! म्हणजे दीड वर्ष मी नहाणीच्या वॉटरप्रूफिंगला शिव्या घालत होतो ते चूक, दोष बेसिनच्या पाइपाचा. आंघोळीच्याच वेळेला माणसे दात घासतात, दाढी करतात, हे मला मास्तराला सुचले नव्हते.

पुढच्या मीटिंगमध्ये, आजींना वगळून, हे जसेच्या तसे सांगितले. "माझे चुकले, नहाणी नव्हे, बेसिन," एवढे म्हणतो तोच सेक्रेटरी म्हणाले, "बघा, सर स्वतःच कबूल करतायत!" मुलगा म्हणाला, "काका, तुम्ही गोलपोस्ट हलवताय," म्हणजे म्हणे मी ऐन वादात मुद्दाच बदलतोय. तेवढ्यात कोणीतरी पार्किंगचे काढले. संपले. पाइप आहे तसाच आहे.

न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या प्राचीन तर्कशास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. वादात खरे काय ते शोधायचे असते, तिथे आपले म्हणणे सोडावे लागले तर त्यात लाज नाही. जल्पात जिंकायचे असते, त्यासाठी शब्दच्छल करायचीही मुभा. आणि वितंडेत स्वतःची बाजू मांडायचीच नाही, समोरच्याची तेवढी मोडायची. आपल्या चौकटीने घरोघरी पोचवली ती ही तिसरी. वर लेखक लिहितात, आपले पूर्वज म्हणे नुसत्या श्रद्धेवर जगत होते! अहो, वादात हरण्याच्या २२ जागा न्यायसूत्रांत, म्हणजे या दर्शनाच्या मूळ ग्रंथात, मोजून दिल्या आहेत. विषय सोडून भलतेच बोलणे ही त्यातली एक. तिला अर्थांतर म्हणतात, आमच्याकडे पार्किंग म्हणतात. (मीही आता नावेच ठेवतो आहे, कळते मला.) या सूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात एक गृहस्थ आहेत. संस्कृतात 'नव' म्हणजे नवे आणि नऊही. कोणी 'हा नवकंबल आहे', म्हणजे याच्याकडे नवे कांबळे आहे, असे म्हटले की ते विचारतात, नऊ कुठे आहेत, एकच तर दिसते! ठाण्यात असते तर नक्की कुठल्या तरी सोसायटीचे चेअरमन झाले असते.

आता विषय निघालाच आहे म्हणून. मार्चमध्ये बसथांब्याबद्दलचे माझे पत्र आपण छापलेत, आभारी आहे. पण 'कारण' या शब्दापासून पुढची चार वाक्ये उडवलीत. उरले काय, तर 'थांबा रस्त्याच्या पलीकडे हलवावा'. अनुमानाचे पाच अवयव असतात. त्यातली प्रतिज्ञा, म्हणजे नुसते म्हणणे, तेवढी छापली. हेतू (कारण), उदाहरण, उपनय (ते आपल्या प्रसंगाला लावून दाखवणे), निगमन (निष्कर्ष) गेले केराच्या टोपलीत. आठवडाभर नौपाड्यात जो भेटेल तो विचारी, "सर, थांब्याने तुमचे काय घोडे मारले?" रविवारी एका माणसाला अख्खे पान, आणि आम्हाला 'कारण' द्यायलाही जागा नाही.

हे पत्रही कापाल, ते गृहीत धरले आहे. न्यायसूत्रे गेली तरी चालतील, आजींचा भाग मात्र राहू द्या. त्यांना विचारूनच लिहिले आहे. म्हणाल्या, "छापू दे की. आमच्याकडे पेपर वाचतो कोण!"

आपला,
एक निवृत्त तर्कशास्त्र शिक्षक,
नौपाडा, ठाणे