पंखा का बंद करायचा तो

प्रिय पक्या,

परवा फोनवर तू म्हणालास ना, "आमचं जे काय होतं ते चिऊ झोपल्यावर, तिला काय कळतंय", तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. तेव्हा आजूबाजूला ऑफिसची माणसं होती म्हणून बोललो नाही.

अरे आम्ही पण हेच म्हणायचो. घोडबंदरला फ्लॅट घेतला, हप्ता वाढला, आई राहायला आली, आणि मग रोज रात्री बेडरूमचं दार लावून हळू आवाजात भांडणं. ओमचं पोट तेव्हापासूनच दुखायला लागलं, तेही सकाळी स्कूलबस यायच्या आधी. सोनोग्राफी, रक्त, सगळं नॉर्मल. मी एकदा ओरडलो पण त्याच्यावर, नाटकं करतोस म्हणून. ते आठवलं की अजून गलबलतं रे.

एप्रिलात उकाड्याने जीव नकोसा झालेला आणि हा रोज पंखा बंद करून झोपायचा. उशी घामाने ओली. आईला वाटलं गार लागतं पोराला, तिने चादर काढून दिली. शेवटी हिने जवळ घेऊन विचारलं तर म्हणाला, पंखा चालू असला की तुमचं ऐकू येत नाही. आठ वर्षांचं पोर, आमचं थांबेपर्यंत जागं राहायचं.

मग कौन्सेलरकडे गेलो. आपल्या ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून आहे तरी आपल्याला असं कुठे जायचं म्हटलं की लाजच वाटते. त्या बाई म्हणाल्या पोटदुखी खोटी नसते, मूल सतत धास्तीत असलं की कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन वाढतं, झोप आणि पोट दोन्ही बिघडतं. आणि झोपेचं म्हणशील तर २०१३ मध्ये अमेरिकेत ओरेगनला सहा ते बारा महिन्यांच्या झोपलेल्या बाळांचे मेंदू स्कॅन केले होते, रागाचा आवाज ऐकवला की झोपेतही मेंदू प्रतिसाद देत होता, आणि ज्यांच्या घरी भांडणं जास्त त्यांचा जास्त. चिऊ तर सहा वर्षांची आहे.

भांडूच नका असं कोणी म्हणत नाही हां. मार्क कमिंग्ज नावाच्या संशोधकाने यावर वर्षानुवर्षं काम केलंय, भांडण मिटलेलं डोळ्यांनी दिसलं की मुलं बरीच सावरतात. आमचं नेमकं उलटं, त्याच्यासमोर तोंडं पाडून फिरायचं आणि मिटवायचं एकांतात. परवा आईच्या गोळ्यांवरून वाजलं आमचं, नंतर मी त्याच्यादेखत हिला सॉरी म्हणालो, चहा टाकला. ओम होमवर्क करत होता, मान वर केली नाही, पण पेन्सिल थांबली होती त्याची.

पोट अजून दुखतं अधूनमधून. पंखा मात्र चालू असतो.

वहिनींशी बोल. दोघांना जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, फुकट आहे, रात्रीसुद्धा लागतो, मराठीत बोलता येतं. आणि रविवारी चिऊला घेऊन नेरुळहून ठाणे लोकलने ये, तलावपाळीला बोटीत बसू. तिला खोदून काही विचारू नकोस, नुसता शेजारी बस.

तुझा,
मंग्या