दहावी ओवी आणि आठवी

प्रिय बाळा,

सलाम.

परवा तुला हुतात्मा एक्सप्रेसला बसवलं. खिडकीतून हात केला, तर तुझ्या कानात मोबाईलचे ते पांढरे बोळे, मान खाली. आदल्या रात्री जेवताना तू मोबाईलवरच्या त्या उपदेशकाचं ऐकवलं होतंस. म्हणे अमुक रक्कम 'पेरा', चाळीस दिवसांत नोकरी. मी तेव्हा भाकरी मोडत गप्प बसलो. बोलायचं ते असं लिहिलेलंच बरं.

मी जॉबर, मागांची दुरुस्ती बघणारा. शेडमध्ये सगळे माग एकदम खडखडत असले तरी कुठल्या मागाचा ठोका चुकतोय हे मला पाठमोरा असतानाही कळायचं. धोटा अडकायच्या आधी आवाज बदलतो. एवढे तयार कान असून मी फसलो.

तू चौथीत होतास. एका मंडपात तीन रात्री सभा होती. तिथं मी दिवाळीचा बोनस पाकिटात घालून दिला आणि तुझ्या आईची मधुमेहाची गोळी बंद केली. गोळी घेणं म्हणजे अविश्वास, असं तिथं ऐकलं होतं. बाराव्या दिवशी तिला रिक्षात घालून दवाखान्यात न्यावं लागलं. तुला आम्ही 'पित्त झालं' म्हणून सांगितलं होतं.

आपल्या चर्चचे पाळकसाहेब रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "वचन कुठलं सांगितलं होतं?" बायबलातलं यिर्मया 29:11, म्हणजे एकोणतिसाव्या अध्यायाची अकरावी ओवी: हिताचे संकल्प. आजही रोज सकाळी व्हॉट्सॲपवर फुलांच्या चित्रावर येतं ते. साहेब म्हणाले, "आता दहावी ओवी वाच." तिथं सत्तर वर्षं लिहिलीत! बाबेलात, म्हणजे बॅबिलोनात, धरून नेलेल्या यहूदी लोकांना धाडलेलं पत्र आहे ते: घरं बांधा, मळे लावा, लेकरांची लग्नं करा, इथं बराच काळ काढायचाय. आणि आठव्या ओवीत, तुमच्यातले संदेष्टे तुम्हाला फसवतील, त्यांचं ऐकू नका. ज्या पत्रात हा इशारा आहे, त्यातलीच एक ओळ तोडून मला विकली होती.

मार्क 4:24 मध्ये प्रभू म्हणतो, काय ऐकता ते बघा. लूक 8:18 मध्ये म्हणतो, कसं ऐकता ते बघा. मला लूकचं जास्त लागलं. त्या मंडपात मला जे हवं होतं तेच मी ऐकलं, सगळा दोष त्या माणसाचा नव्हता.

कवी ना. वा. टिळकांना रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशानं नवा करार दिला. ते लगेच भारावून गेले नाहीत. वाचत राहिले, स्वतःशी भांडत राहिले, आणि 1895 साली बाप्तिस्मा घेतला. त्यांची भजनं आपण रविवारी म्हणतो. त्या भजनांच्या मागचा तो काळ मात्र कोणी आठवत नाही.

तुझ्या खोलीतला मित्र देव नाही म्हणतो ना? त्याचं खुशाल ऐक. त्याला तुला काही विकायचं नाहीये. त्याच्या प्रश्नांनी अडलास तर फोन कर, मलाही सगळी उत्तरं येतात असं नाही. पण त्या उपदेशकाला पैसे धाडण्याआधी त्यानं सांगितलेली ओवी काढ आणि आख्खा अध्याय वाच. मोठ्यानं वाच, कानावर पडू दे.

पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहे, मित्रालाही दे. डबा परत आण, मागचे दोन तिकडेच राहिलेत.

आईची गोळी आता रोज रात्री मीच काढून देतो. ती हसते, पण घेते.

तुझा,
पप्पा